मदत हवी आहे: ओलेड दिसत नाही, दुसरा डिस्प्ले सुचवा

फोंड्याची_टाकी
ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवायची आहे. ०.९६ इंची ओलेड (स्वतः उजळणारा छोटा पडदा) लावला, दुपारी तीननंतर काहीच वाचता येत नाही. १६×२ एलसीडी (दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं) आणली तर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन. चतुर्थीला घर भरेल, त्याआधी हे व्हायला हवं. कोणता घेऊ? लवकर सांगा.

सोल्डर_म्हापसा
लावलाय कुठे? थेट ऊन पडतं का? एलसीडी निळी की पोपटी, किती व्होल्टवर, कोडमध्ये तिचा पत्ता कोणता दिलाय?

ईपेपरवाला
२.९ इंची ई-पेपर (कागदासारखा, स्वतः न उजळणारा पडदा) घ्या. २९६×१२८ ठिपके, उजेडात एकदम स्पष्ट, आणि वीज गेली तरी आकडा तसाच राहतो.

सोल्डर_म्हापसा
टाकीसाठी तेच धोक्याचं. टाकी रिकामी आणि पडद्यावर कालचे ८० टक्के! शिवाय काही उत्पादक दोन रिफ्रेशमध्ये (पडदा नव्याने रंगवण्यात) १८० सेकंद सोडायला सांगतात, थेट उन्हात लावू नका म्हणतात. पंप चालू असताना तीन मिनिटं म्हणजे फार झाली.

फोंड्याची_टाकी
बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), तोंड पश्चिमेला. एलसीडी निळी, ५ व्होल्टवर, मागे आयटूसी मोड्यूल (दोन तारांवर डेटा घेणारं). तारा ईएसपी३२च्या पिना २१ आणि २२ला थेट. पत्ता ०एक्स२७.

सोल्डर_म्हापसा
चौकोन दिसतात म्हणजे वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक आहे. एलसीडीतला कंट्रोलर सुरूच झालेला नाही, पत्ता चुकला असेल. मोड्यूलवरची चिप बघा. पीसीएफ८५७४टी असेल तर बहुधा ०एक्स२७, पण एटी असेल तर ०एक्स३एफ. आयटूसी स्कॅनर (खरा पत्ता शोधणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा.

मोड्यूलवरचे पुलअप रेझिस्टर दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढतात, ईएसपी३२च्या पिना ३.३च्या. मध्ये बीएसएस१३८चा लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टमधला दुभाषी) घाला.

काजू_सर्किट
शिफ्टर कशाला? पुलअप काढून टाका, झालं.

सोल्डर_म्हापसा
नाही होत. ५ व्होल्टवरच्या पीसीएफ८५७४ला 'हाय' (म्हणजे १) कळायला ३.५ व्होल्ट लागतात. ३.३वर कधी चालेल, कधी अडेल.

आणि उन्हात निळी नकोच. तिची पांढरी अक्षरं मागच्या दिव्यावर उजळतात, ऊन त्यांना गिळतं. पोपटी पाटीवरची काळी अक्षरं बाहेरच्याच उजेडावर दिसतात. अक्षर जेमतेम ५ मिलिमीटर. लांबून वाचायचं तर आठ कस्टम कॅरॅक्टर (स्वतः आखलेली चिन्हं) वापरून दोन ओळींचे मोठे आकडे करा.

झुआरी_काठ
सेन्सर कोणता? आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा साधा एचसी-एसआर०४ टाकीतल्या दमटपणात टिकत नाही. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी लावा, पण त्याला जवळचे २०-२५ सेंटिमीटर कळत नाहीत. भरल्या पाण्याच्या तेवढा वर बसवा.

फोंड्याची_टाकी
स्कॅनरने ०एक्स३एफ दाखवला, अक्षरं आली! पोपटी आणि शिफ्टर मागवतो. पण पंप सुरू झाला की अक्षरांचा कचरा होतो. एलसीडीपर्यंत वायर ४ मीटर आहे.

सोल्डर_म्हापसा
हे आधी सांगायचं हो! आयटूसी एवढ्या लांबीसाठी नाही, त्यात पंपाचा झटका. एक ईएसपी३२ टाकीपाशी, दुसरा एलसीडीला १५ सेंटिमीटरवर, मध्ये ईएसपी-नाऊ (दोन बोर्डांमधला थेट बिनतारी संपर्क). आणि ३० सेकंद आकडा आला नाही तर पडद्यावर '--' दाखवा, जुना आकडा ठेवू नका.