एर्डट्रीनं नक्की कुणाला बरं केलं?

केरीकर (सत्तरी)

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम येऊन बरीच वर्षं झाली (२०२२), शॅडो ऑफ द एर्डट्री ही डीएलसी (गेमला नंतर जोडलेला भाग) जून २०२४ मध्ये आली, तरी एर्डट्रीचा, म्हणजे त्यातल्या सोनेरी महावृक्षाचा, उल्लेख निघाला की लोक अजून 'जीवनवृक्ष' म्हणून हात जोडतात. मला हे अजिबात पटत नाही. त्या जगात माणसाला बरं करणाऱ्या वनस्पती वेगळ्या आहेत आणि माणसाला मरू न देणारं झाड वेगळं आहे. या दोघांचं एकमेकांशी वैर आहे, असं माझं ठाम मत.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या जगाचे नियम ज्यात कोरलेत त्या एल्डन रिंग नावाच्या वस्तूतून राणी मारिकानं मृत्यूचा रून (मंत्रशक्तीचं चिन्ह) काढून घेतला आणि आपला रक्षक मलिकेथ याच्या तलवारीत बंद करून ठेवला. मग तिच्या वंशाला मरण उरलं नाही. बाकीचे लोक मेले की त्यांना एर्डट्रीच्या मुळांशी पुरायचं, मुळं त्यांना झाडात परत घेणार अशी श्रद्धा. ही झाली सुवर्ण व्यवस्था, गोल्डन ऑर्डर.

आता औषधाकडे बघा. एर्डट्रीच्या फांद्यांवरून फार पूर्वी पवित्र रस ठिबकायचा, असं एका ताइताच्या वर्णनात आहे. पूर्वी! आज तिथे सोनेरी उजेड भरपूर आहे, रस कुठेच नाही. याउलट घोडा जखमी झाला की त्याला काय देतो आपण? रोवाची फळं वाळवून केलेले मनुके. स्कार्लेट रॉट, म्हणजे शरीर कुजवणारा रोग, अंगात भिनला तर गुहेतलं शेवाळ आणि सॅक्रामेंटल बड नावाची कळी घालून केलेल्या गोळ्या. वाटेच्या कडेला, चिखलात, थडग्यांच्या आसपास उगवणाऱ्या या वनस्पती. त्यांच्या नावानं एकही देऊळ नाही, पण काम त्याच करतात.

टार्निश्ड_म्हापसा

केरीकर बाब, गेम खेळताय की शेती करताय, असं विचारावंसं वाटतं! खरं सांगा, बॉसच्या लढाईत कोण गोळ्या गिळत बसतो? आपण पितो ती लाल कुपी, क्रिमझन टिअर्स. ती भरते कुठे? ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या सोनेरी उजेडापाशी. ग्रेस कुणाची? एर्डट्रीची. म्हणजे अख्ख्या गेममध्ये आपल्याला बरं करतं ते झाडच. रोवाची फळं झोळीत शेकड्यांनी पडून असतात.

दुसरं. आपण स्वतः कोण आहोत? टार्निश्ड, म्हणजे हद्दपार झालेले लोक; खेळाडूचं पात्र त्यांच्यातलंच. मेलो की ग्रेसपाशी उठतो. मलेनिया या बॉसनं मला इतक्या वेळा उभा चिरलाय की मरण खरं असतं तर गेम तिथेच संपला असता. अमरत्वाला नावं ठेवताना आपण त्याच अमरत्वावर जगतोय, हे तुम्ही विसरलात.

वैद्याची_नात (फोंडा)

केरीकर, अर्धं म्हणणं मान्य, अर्धं नाही.

मान्य असलेलं आधी. बरं करणं आणि अमर करणं ही दोन वेगळी कामं, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. वाल्मीकी रामायणात हनुमानाला आणायला सांगितलेल्या चार औषधी आहेत: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी. एक प्राण परत आणते, एक शरीरात रुतलेलं शल्य काढते, एक कातडीचा वर्ण परत आणते, एक तुटलेलं सांधते. यातली एकही कुणाला अमर करत नाही. उठून बसलेला वीर पुन्हा मर्त्यच असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला जातो. अमृताची गोष्ट पूर्ण वेगळी. ते समुद्रातून निघतं, त्यावरून देव-दानवांत फसवाफसवी होते, राहूचं मुंडकं उडतं. औषधीसाठी डोंगर उचलला गेला, अमृतासाठी गळे कापले गेले.

पण तुम्ही दोघांत वैर लावता ते मला मान्य नाही. माझे आजोबा गुळवेलीची कांडी कुंपणावर नुसती अडकवून ठेवत. मातीविना तिला वरूनच मुळं सुटायची आणि वेल जगायची. भावप्रकाशात तिची कथा आहे: रावणवधानंतर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर पडले तिथे गुळवेल उगवली. म्हणजे परंपरा सांगते की औषधी ही अमृताचीच सांडलेली धार आहे. तसंच तुमच्या लाल कुपीत एर्डट्रीचा अश्रू आहे. नातं आहे, वैर नाही.

केरीकर (सत्तरी)

ताई, गुळवेलीची कथा मोलाची आहे, पण ती माझ्याच बाजूनं बोलते. ते थेंब सांडले म्हणून औषध झाले. कलशातच राहिले असते तर देवांच्या पंक्तीतच संपले असते. आणि जमिनीत उतरल्यावर त्यांना मात्रा आली. गुळवेल किती, कुणाला, किती दिवस, हे वैद्य ठरवतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष फेटाळला, मोठा वाद झाला. वाद होऊ शकतो कारण मात्रेचा प्रश्न विचारता येतो. एर्डट्रीला मात्रा विचारायची सोय नाही. तिथे शंका घेतली की पाखंड.

म्हापसेकर बाब, तुमच्या कुपीबद्दल. कुपी मोजून भरलेली असते, संपते, म्हणून ती औषध आहे. आणि टार्निश्डचं म्हणाल तर त्यांच्या डोळ्यांतली ग्रेस काढून घेऊन मारिकानं त्यांना देशाबाहेर हाकललं होतं, तिथे लढून मरा म्हणून. सुरुवातीलाच आपल्याला 'मेलेले असून जगणारे' अशी हाक मारतात. मरून आलेली माणसंच व्यवस्था दुरुस्त करू शकतात, हे मारिकाला माहीत होतं असं मी मानतो.

दक्षिणायन (काणकोण)

अमरत्वालाच आजार ठरवून मोकळं होणं मला फार सोपं वाटतं. आमच्या पैंगीणला परशुरामाचं देऊळ आहे. हा सगळा किनारा त्यानं समुद्र हटवून मिळवला अशी आपली श्रद्धा, आणि तो सात चिरंजीवांपैकी एक. त्याच यादीत अश्वत्थामाही आहे. एकाला आपण पूजतो, दुसरा कपाळावर भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरतो असं म्हणतो. दोघंही अमर. मग दोष अमरत्वात कसा? अश्वत्थाम्याला तर बरं होणंच नाकारलंय. हनुमानाला, परशुरामाला काम आहे. मारिकाच्या मुलांना काम नव्हतं, म्हणून फुटलेल्या एल्डन रिंगचे तुकडे, म्हणजे ग्रेट रून, हातात येताच ती एकमेकांवर तुटून पडली. दोष झाडाचा नाही, वारसांचा.

केरीकर (सत्तरी)

अश्वत्थाम्याचा दाखला जबरदस्त आहे. जखम आहे, मरण नाही, औषध नाही. मारिकाचा मुलगा गॉडविन याची स्थिती याहून भयंकर. ब्लॅक नाइव्ह्ज या मारेकऱ्यांच्या रात्री त्याचा आत्मा मारला गेला, शरीर जगत राहिलं. ते नेऊन ठेवलं एर्डट्रीच्या मुळांत, कारण व्यवस्थेला मेलेल्याचं काय करायचं याचं दुसरं उत्तरच ठाऊक नव्हतं. मुळांनी ते पचवलं नाही. ते शरीर तिथेच वाढत गेलं आणि त्याच मुळांच्या जाळ्यातून डेथरूट, मेलेल्यांना उठवणारं मूळ, देशभर पोचलं. वारसांचा दोष म्हणता? गॉडविन तर त्यांच्यातला सगळ्यात गुणी म्हणून ओळखला जायचा. शांतपणे मरायची वाट त्याला ठेवलीच नव्हती.

आमच्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राई आहे, जायफळाच्या जातीच्या झाडांची दलदल. झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. राईतलं लाकूड कुणी नेत नाही. पडलेला बुंधा तिथेच कुजतो, त्यावर शेवाळ, अळंबी, मग रोपं. झाडाला देव मानायचं तर असं मानता येतं, कुजण्याला जागा ठेवून. एर्डट्रीच्या देशात कुजणं म्हणजे शाप. रॉटनं ग्रासलेल्या केलिडला लोक मेलेला प्रदेश म्हणतात, मला तर तिथे बाकी नकाशापेक्षा जास्त काहीतरी उगवताना दिसतं. भयानक दिसतं, पण उगवतं.

टार्निश्ड_म्हापसा

केलिडमध्ये 'उगवतं' म्हणणं म्हणजे कळसच. तिथल्या कुत्र्यांना जाऊन सांगा.

पण एक गोष्ट मनापासून विचारतो. डीएलसीतलं मारिकाचं गाव पाहिलंत ना? तिची माणसं पकडून, कापून मोठ्या रांजणांत कोंबली होती. नंतर देवी होऊन तिनं त्या ओस गावाला सोन्यात न्हाऊ घातलं. त्या मंत्राच्या वर्णनात लिहिलंय की बरं करायला तिथे कुणीही उरलेलं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मी तिथे कंट्रोलर खाली ठेवून बसून राहिलो. जिच्या हातात बरं करायची ताकद आली आणि माणसं आधीच गेलेली, तिनं मरणच उपटून टाकलं तर तिला दोष कसा देता? तुमच्या रोवाच्या फळांनी त्या रांजणातल्या बाईला काय केलं असतं?

वैद्याची_नात (फोंडा)

टार्निश्ड, याला माझ्याकडे वैद्यकाचं उत्तर नाही. आजोबा म्हणायचे, असाध्य रोग ओळखून 'इथे माझं काम संपलं' असं म्हणता येणं हाही वैद्याचा गुण. मारिकाला ते म्हणता आलं नाही. मला तिचा राग येत नाही, फार वाईट वाटतं.

केरीकर, तुम्ही सोयीनं वगळलेलं नाव घेते: मारिकाचा मुलगा मिकेला. त्यानं जुळ्या बहिणीसाठी, मलेनियासाठी, निर्भेळ सोन्याची सुई घडवली. रॉट बरा झाला नाही, थोपवला गेला. हे अस्सल औषध, मर्यादा असलेलं. त्याच मिकेलानं स्वतःचं रक्त घालून हॅलिगट्री वाढवलं, नवीन देववृक्ष व्हावा म्हणून, आणि ते फसलं. एकच हात औषधही करतो आणि अमरत्वाच्या मागेही लागतो. तुमची दोन खाती माणसांत पाडता येत नाहीत.

केरीकर (सत्तरी)

माणसांत पाडता येत नाहीत, कबूल. पण हातांनी काय घडवलं त्यात पडतात, आणि सुई उपयोगी पडली, झाड नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ऑर्तानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेला औषधींवरचा ग्रंथ संवादातच लिहिलाय. एक पात्र जुन्या ग्रंथांचा आधार घेतं, दुसरं म्हणतं मी इथे डोळ्यांनी काय पाहिलं ते ऐक. सुवर्ण व्यवस्थेचे मंत्र सांगतात झाड सगळ्यांना कवेत घेतं. मी पाहिलं ते काटे, शेवटी आपल्यालाच एर्डट्रीच्या दाराशी अडवणारे. मलिकेथला मारून मृत्यू मोकळा केल्याशिवाय ते जळत नाहीत. म्हणून गेमच्या अनेक शेवटांपैकी मी फिया या पात्राचा शेवट निवडतो. तिचा रून व्यवस्थेत मरण परत बसवतो.

दक्षिणायन (काणकोण)

फियाचा रून मरण परत आणतो ते 'मरणातलं जगणं' धरून. गॉडविनचं शरीर तसंच राहणार, डेथरूट तसंच पसरणार. तुमच्या राईतला बुंधा कुजून संपतो, इथे काय संपलं? मी रॅनी या दुसऱ्या पात्रासोबत जातो. ती व्यवस्थाच माणसांच्या हातापासून दूर नेते, मग झाडं झाडं राहतील.

केरीकर (सत्तरी)

रॅनीनंच तर मृत्यूच्या रूनचा तुकडा चोरवला आणि गॉडविनचा बळी दिला. तिच्या हाती रोगी सोपवायला मी तयार नाही. फियाच्या रूनचं पूर्ण वर्णन आज रात्री इथे उतरवतो, मग त्यावर बोलू. ताई, तोवर गुळवेलीच्या कथेचे भावप्रकाशातले श्लोक मिळाले तर टाका. देव बरें करूं.