मदत हवी आहे : सोलापुरात लिपस्टिक पाम, नवी पानं पिवळी

नमस्कार मंडळी. १४ इंची कुंडीत लाल देठाचा लिपस्टिक पाम आहे. मिश्रण : धुतलेलं कोकोपीट २ भाग, जुनं शेणखत १, जाड वाळू १. वर ५० टक्के हिरवी शेडनेट, पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११००.

एप्रिलपासून दोन गोष्टी दिसतात. जुन्या पानांची टोकं करपतात. ते क्षारांमुळे, कारण कुंडीच्या कडेला पांढरा थर आहे. पण नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) दोनदा देऊन उपयोग नाही. अल्कधर्मी पाण्यात त्यातलं लोह मुळांना मिळायच्या आत बसून जातं. ईडीटीए चिलेटही (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) जास्त सामूला (पीएचला) टिकत नाही, म्हणून तिथेही टिकणारं ईडीडीएचए चिलेट आणलंय.

विचारायचं ते असं :

एवढ्या कुंडीला ईडीडीएचए किती ग्रॅम आणि किती दिवसांनी? पाण्याचा सामू ६ च्या आसपास आणायला सायट्रिक ॲसिड कोणी वापरतं का, लिटरला किती? पावसाचं पाणी साठवून फक्त यालाच द्यावं हा विचार आहेच, पण आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे!

आणि मुख्य शंका थंडीची. हा मूळचा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतला. ४२ अंश ओलाव्यावर निभावेल, पण डिसेंबरच्या रात्री? कुंडी घरात घ्यायची की प्लास्टिकचा आडोसा पुरतो?

'त्यापेक्षा बिस्मार्किया पाम लावा' असा सल्ला मिळतो, तो मान्य आहे, पण तो पाम रुपेरी. इथे लालच हवाय.