पुण्यातून एलएलबी, कॅनडात वकिली करता येते का?

प्रश्न: बीकॉम नंतर ३ वर्षांची एलएलबी केलीय, ४ वर्षं कोर्टात प्रॅक्टिस. नवऱ्याला टोरांटोत जॉब लागलाय. तिथे परत पहिल्यापासून लॉ करायचं का?

उत्तर १: नाही गं. आधी एनसीएकडे (परदेशी लॉ डिग्री तपासणारी कॅनडातली समिती) असेसमेंट करून घे, ते कुठले पेपर द्यायचे ते सांगतात. कॉन्स्टिट्यूशनल, क्रिमिनल, अ‍ॅडमिन, फाउंडेशन्स (कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं), एथिक्स हे ५ धरूनच चाल, वर अजून काही लागू शकतात, शिवाय लीगल रिसर्च-रायटिंगचं वेगळं. आपली घटना पाठ आहे म्हणून कॉन्स्टिट्यूशनल हलक्यात घेऊ नकोस, तिथल्या घटनेच्या कलम ९१-९२ मधली केंद्र-प्रांत अधिकारांची वाटणी आणि १९८२ चा हक्कांचा चार्टर यातच मी अडकले होते!

उत्तर २: ट्रान्सक्रिप्टसाठी (अधिकृत गुणपत्रक) अर्ज आत्ताच टाका ताई, युनिव्हर्सिटीनेच थेट पाठवावी लागते, आपण पाकीट फोडलं की संपलं. माझे तर युनिव्हर्सिटीत खिडकी क्रमांक ४ वरून ७ वर आणि परत ४ वर करत तीन महिने गेले.

उत्तर ३: एनसीएचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे हां. ऑन्टारिओत पुढे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा २ परीक्षा, शिवाय आर्टिकलिंग (वकिलाच्या हाताखाली उमेदवारी), आणि ती जागा मिळवणं हेच खरं डोकेदुखीचं काम.

प्रश्नकर्ती: बापरे. उद्याच जाते खिडकीवर.