जैविक अस्त्रबंदी करारालाही तपासणी हवी की नको?

मांजराकाठ (लातूर)

जैविक अस्त्रबंदी करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ रोजी अमलात आला. सर्वसंहारक अस्त्रांचा एक संपूर्ण प्रकारच तयार करण्यास आणि साठवण्यास मनाई करणारा हा पहिला बहुपक्षीय करार. पण तो पाळला जातो की नाही, हे पाहणारी यंत्रणा त्याला आजतागायत नाही. याउलट १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी करारासाठी हेग येथे स्वतंत्र संघटना आहे, तिचे निरीक्षक आहेत, आणि सभासद देशांनी जाहीर केलेला ७२ हजार टनांहून अधिक साठा त्यांच्या देखरेखीखाली नष्ट झाला. त्यातला शेवटचा, अमेरिकेचा साठा जुलै २०२३ मध्ये संपला. आपल्या देशानेही मस्टर्ड वायूचा साठा जाहीर करून २००९ पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझे ठाम मत आहे की जैविक करारालाही अशीच तपासणी हवी आणि भारताने त्यासाठी पुढाकार घ्यावा.

तसा प्रयत्न झाला होता. जिनिव्हात १९९५ पासून पडताळणीच्या मसुद्यावर वाटाघाटी चालल्या, आणि जुलै २००१ मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर सगळेच मुसळ केरात गेले. तपासणीने फसवणूक पकडली जाणार नाही, उलट औषध उद्योगाची गुपिते फुटतील, असे कारण देण्यात आले. मला ते पटत नाही. तपासणीच नसेल तर करार पाळणारा देश आणि मोडणारा देश बाहेरून सारखेच दिसतात, आणि त्यात पाळणाऱ्याचेच नुकसान होते.

दुधना (परभणी)

सर, आपली तळमळ पोहोचली, तरी मी विरोधात लिहिते आहे. मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. आम्ही ॲट्रोपिन देतो आणि छाती मोकळी होईपर्यंत रात्रभर मात्रा वाढवत राहतो. सरीन वायूच्या रुग्णालाही हेच औषध लागते, कारण ही कीटकनाशके आणि सरीन हे अस्त्र दोन्ही मज्जासंस्थेवरच घाला घालतात; अशा अस्त्रांपैकी पहिले, टॅबून, १९३६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर यांना कीटकनाशकाच्या शोधातच सापडले होते. तेव्हा शेती आणि अस्त्र यांची सरमिसळ काय असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु रसायनाचे निदान वजन करता येते. किती आले, किती खपले, किती उरले, याचा ताळा जमतो. जंतू आज नष्ट केले तरी उद्या पुन्हा वाढवता येतात, आणि लशीसाठीची टाकी व अस्त्रासाठीची टाकी पाहून निरीक्षकाला फरक कळेलच असे नाही. अशा ठिकाणी ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ असा शेरा मारून तो निघून गेला, तर लबाड सरकारच्या हाती आयतेच प्रमाणपत्र पडेल.

स्वेर्दलोव्स्कचे उदाहरण घ्या. सोव्हिएत संघ हा या कराराच्या मूळ प्रती सांभाळणाऱ्या तीन देशांपैकी एक. तरीही एप्रिल १९७९ मध्ये तिथल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले, किमान ६६ माणसे दगावली, आणि सरकारने दूषित मांसावर खापर फोडले. पुढे १९९२ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने मृतांच्या नातेवाइकांना भेटून, थडग्यांवरच्या तारखा पाहून, कोण त्या दिवशी कुठे होते याचा नकाशा मांडला, तेव्हा बहुतेक जण त्या केंद्रापासून वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या एका अरुंद पट्ट्यातच होते असे दिसून आले. हे काम कारखाने तपासणाऱ्यांनी केले नाही, आजार तपासणाऱ्यांनी केले. म्हणून पैसा रोगसर्वेक्षणावर खर्च व्हावा. आमच्याकडून पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असतो, नाही तर गेलेला असतो.

वाळूजकर

मी औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे आणि डॉक्टरांशी सहमत आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. देशी-विदेशी निरीक्षक आमच्याकडे येतच असतात, त्यामुळे तपासणीची भीती नाही. प्रश्न तपासणीनंतर काय घडते हा आहे. रासायनिक करारात एका देशाने दुसऱ्यावर संशय घेऊन अचानक तपासणी मागण्याची तरतूद आहे. १९९७ पासून ती एकदाही वापरली गेलेली नाही. सीरिया २०१३ मध्ये करारात आला, जाहीर केलेला साठा देशाबाहेर जाऊन नष्टही झाला, आणि ४ एप्रिल २०१७ रोजी खान शेखूनमध्ये सरीनने माणसे मेलीच.

गोदातीर (नांदेड)

वाळूजकर, खान शेखूनचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. तिथले सरीन सीरियाच्या सरकारी साठ्यातल्या रसायनाशी जुळते, असे संयुक्त राष्ट्रे आणि हेगची संघटना यांच्या संयुक्त चौकशी यंत्रणेला म्हणता आले, ते त्या साठ्याचे नमुने आधीच निरीक्षकांच्या ताब्यात होते म्हणून. तपासणीने हल्ला रोखला नाही, हे खरे. पण हल्लेखोराला नामानिराळे राहू दिले नाही.

डॉक्टरताई, इराकचा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम १९९५ मध्ये उघडा पडला, तो संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना जंतू सापडले म्हणून नव्हे. जंतू वाढवण्यासाठी लागणारे पोषक माध्यम अनेक टन आयात झाले होते आणि देशातल्या रुग्णालयांच्या गरजेशी त्याचा मेळ बसत नव्हता. म्हणजे जीवशास्त्रातही हिशेब लागतो, फक्त तो प्रयोगशाळेऐवजी पावत्यांमध्ये शोधावा लागतो. आणखी एक विसंगती पाहा. आपल्याकडे बांधावर लावतात त्या एरंडीच्या बियांत रिसीन हे विष असते. ते दोन्ही करारांत येते, त्यामुळे रिसीनपुरती हेगची तपासणी लागू होते आणि अँथ्रॅक्सला मात्र कुणीच विचारत नाही. एरंडीवर बंदी घाला असे कुणी म्हणत नाही, कारण दोन्ही करार वस्तूबरोबर हेतूही पाहतात. पाणी शुद्ध करायला गावोगाव वापरले जाणारे क्लोरीन रासायनिक कराराच्या कोणत्याच यादीत नाही, तरी अस्त्र म्हणून त्याचा वापर केला तर तो गुन्हाच ठरतो.

दुधना (परभणी)

पावत्यांचा मुद्दा मान्य आहे. परंतु इराक हा युद्ध हरलेला देश होता आणि निरीक्षकांच्या मागे सुरक्षा परिषद उभी होती. रशियाने एकमेकांची केंद्रे पाहू देण्याचे १९९२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनला कबूल केले, आणि थोड्याच वर्षांत ती व्यवस्था बारगळली. लष्करी केंद्रांची दारे उघडलीच नाहीत. बलाढ्य देश दार उघडत नाही आणि दुबळ्याला ते उघडावेच लागते, अशी तपासणी मला न्याय्य वाटत नाही.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टर, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. म्हणूनच सुरुवात घोषणापत्रांपासून व्हावी, असे मला वाटते. अतिधोकादायक जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांची माहिती दरवर्षी देण्याचे सभासद देशांनी १९८६ मध्येच ठरवले, पण ती न दिल्यास कुणी जाब विचारत नाही आणि अनेक देश ती देतच नाहीत. ही माहिती सक्तीची करावी, आयातीच्या आकड्यांशी ती ताडून पाहावी, आणि विसंगती दिसली तर आधी बलाढ्य देशांकडेच खुलासा मागावा. डिसेंबर २०२२ मध्ये जैविक कराराच्या आढावा परिषदेने करार बळकट करण्यासाठी कार्यगट नेमला आहे आणि पडताळणी हा त्याच्यासमोरचा विषय आहे. भारताने तिथे घोषणापत्रांच्या सक्तीची मागणी लेखी मांडावी, आणि तिला आपण सुचवलेली रोगसर्वेक्षणाची मागणीही जोडावी. आपल्या रुग्णालयातला नमुना चार दिवस लवकर तपासला गेला, तर त्याचा उपयोग करार मोडणाऱ्याला पकडण्यासाठीही होईल आणि आपल्या रुग्णालाही होईल.