बीएमएसच्या एएमसीचे पैसे वसूल कसे करायचे? रिन्यूअल तोंडावर आलंय

खराडी_फॅसिलिटी:
नमस्कार मंडळी. पुण्यात खराडीला एका ऑफिस बिल्डिंगचं फॅसिलिटी बघतो. ९ मजले, २२ एएचयू (मजल्यांवर थंड हवा सोडणारी युनिट), २ चिलर (त्यांना लागणारं पाणी थंड करणारी मशीन), आणि बिल्डिंग झाली तेव्हा बसवलेलं बीएमएस, म्हणजे हे सगळं कॉम्प्युटरवरून चालवणारी सिस्टीम. तिची एएमसी (वर्षाच्या देखभालीचं काँट्रॅक्ट) पुढच्या महिन्यात संपतेय, व्हेंडरने १२ टक्के वाढवून कोटेशन पाठवलंय आणि आमच्या मॅनेजमेंटने एका ओळीचा मेल टाकला, "या पैशांत आपल्याला नक्की मिळतं काय?" खरं सांगू का, मलाही उत्तर देता आलं नाही.

होतं काय तर दर तीन महिन्यांनी दोन पोरं येतात, दोन दिवस थांबतात, ब्लोअरने पॅनल साफ करतात, स्क्रीनचे फोटो काढतात, रिपोर्टवर सगळीकडे ओके लिहितात, मी सही करतो, चहा होतो, ते जातात. आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक गेलं वर्षभर स्वेटर घालून बसतात. कम्प्लेंट टाकली की कुणीतरी येऊन सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) वाढवून जातो, आठवडाभर शांत, परत तेच.

व्हेंडर बदलू म्हटलं तर प्रोग्राम, पासवर्ड सगळं त्यांच्याकडे. काय लिहून घेऊ काँट्रॅक्टमध्ये? का सरळ रेट कमी करायला लावून विषय संपवू?

---

डीडीसी_वाला:
मी तुमच्या समोरच्या बाजूचा माणूस, १४ वर्षं बीएमएस सर्व्हिसमध्ये. त्यामुळे थोडं टोचेल, राग मानू नका.

रेट कमी करायला लावाल तर मिळेल, आम्ही देतोही. पण मग काय होतं ते ऐका. दोन दिवसांची व्हिजिट दीड दिवसाची होते, अनुभवी माणूस दुसऱ्या साइटला जातो आणि तुमच्याकडे सहा महिन्यांचा ट्रेनी येतो. त्याच्या हातात चेकलिस्ट असते, चेकलिस्टमध्ये "पॅनल क्लीनिंग" पहिल्या नंबरवर असतं कारण ते दिसतं, फोटोत चांगलं येतं. माझ्या मते अख्ख्या पीएममधलं (ठरलेल्या देखभालीतलं) सगळ्यात बिनकामाचं काम तेच. पॅनलमध्ये धूळ असली म्हणून कुणाचं फार बिघडलेलं मी बघितलं नाही.

एक एएचयू नीट तपासायचा म्हणजे सेन्सरशेजारी स्वतःचं कॅलिब्रेटेड मीटर धरून रीडिंग जुळवायचं, थंड पाण्याच्या वाल्व्हला स्क्रीनवरून ०, ५०, १०० टक्के कमांड द्यायची आणि *एएचयू रूममध्ये जाऊन* दांडा खरंच फिरतोय का ते डोळ्याने बघायचं, डॅम्परचं (हवेच्या झडपेचं) तसंच, व्हीएफडीचा (फॅनचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) फीडबॅक, फिल्टर चोक झाला की कळवणाऱ्या डीपी स्विचच्या नळ्या. दीड-दोन तास कुठेच जात नाहीत. आता २२ एएचयू, दोन पोरं, दोन दिवस, तुम्हीच हिशोब करा. होणारच नाही, म्हणून ओके लिहिलं जातं.

म्हणून मी क्लायंटला सांगतो, दर व्हिजिटला सगळं वरवर बघण्यापेक्षा ५-६ एएचयू पूर्ण खोलात करा आणि बाकीचे स्क्रीनवरून ट्रेंड बघून गाळा. वर्षात सगळ्यांचा नंबर लागतो. पैसे तेवढेच.

डीपी स्विचवरून आठवलं, ज्या बिल्डिंगमध्ये वर्षभर एकही फिल्टर चोक अलार्म आला नाही तिथे फिल्टर स्वच्छ आहेत असं समजू नका. नव्वद टक्के वेळा नळी निघालेली असते.

आणि तुमच्या तिसऱ्या मजल्याचा मला अंदाज आलाय. स्क्रीनवर वाल्व्ह किती टक्के दाखवतो आणि त्याच वेळी सप्लाय एअर (एएचयूतून बाहेर पडणारी हवा) किती डिग्री, एवढं बघून सांगा.

---

चिलरकाका:
डीडीसीवाले भाऊ बोलले ते बरोबर पण अर्धंच बोलले. मी प्लांट ऑपरेटर, नाइट जास्त केल्या. आमच्याकडची बाजू कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

साहेब एकदा खाली जाऊन स्टार्टर पॅनलवरचे सिलेक्टर स्विच बघा. ऑटो, ऑफ, मॅन्युअल. किती मॅन्युअलला आहेत मोजा. आमच्याकडे एकदा मोजले तर निम्म्याच्या वर निघाले!! म्हणजे लाखो रुपयांचं बीएमएस आणि एएचयू चालू-बंद करतोय मी, जिने चढून. का तर एकदा सकाळी शेड्यूलने एएचयू चालू झाला नाही, वरून मोठ्या साहेबांचा फोन आला, शिव्या कोणाला, आम्हाला. मग आम्ही मॅन्युअलला टाकला, चालला, आणि परत ऑटोला टाकायला सांगितलं कुणी? एएमसीवाला येतो तो थेट वर कंट्रोल रूममध्ये बसतो, आम्हाला विचारत पण नाही की काका काय त्रास आहे. विचारलं असतं तर दहा गोष्टी सांगितल्या असत्या.

व्हीएफडी पण तसंच. आमच्याकडे सगळे ५० हर्ट्झला लॉक करून ठेवलेले, कुणी केले माहीत नाही. एका इंजिनियरने समजावलं की फॅनचा स्पीड ४० हर्ट्झवर आणला तर पॉवर जवळपास अर्धी होते, वेगाच्या घनात पडते म्हणे. मला आधी पटेना, मग त्याने क्लॅम्प मीटर लावून दाखवलं. मग ५० ला लॉक करून ठेवायचा असेल तर व्हीएफडी घेतला कशाला, साधा स्टार्टर लावायचा ना.

अजून एक. तुमचा दुसरा चिलर कधी लागतो बघा. आमचा डिझाइनला पाणी ७ डिग्रीला जायचं आणि १२ डिग्रीला परत यायचं. प्रत्यक्षात यायचं ९ ला. चिलरला वाटतं लोड नाही, पण वरच्या मजल्यांना पाणी पुरत नाही म्हणून आम्ही दुसरा चिलर आणि पंप लावायचो. नंतर कळलं सात-आठ एएचयूचे वाल्व्ह पास होत होते, बंद म्हणायचे आणि पाणी सोडायचे. एवढी वर्षं रिपोर्टमध्ये सगळे वाल्व्ह ओके 😀

---

ठाणेकर_अदिती:
काका, तुमची पोस्ट प्रिंट काढून आमच्या ऑफिसात लावावीशी वाटतेय.

मी काँट्रॅक्ट्स बघते, इंजिनियर नाही, तर त्या बाजूने लिहिते. मूळ गडबड अशी की आपण एएमसीत व्हिजिट विकत घेतो. वर्षात ४ व्हिजिट, इतके तासांत ब्रेकडाउन अटेंड. मग ते व्हिजिट देतात, त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही गेल्या रिन्यूअलला तेच बदललं. व्हिजिट ४ च ठेवल्या पण प्रत्येक व्हिजिटच्या शेवटी चार आकडे लेखी द्यायचे: किती पॉइंट (बीएमएसला जोडलेलं एकेक रीडिंग किंवा कमांड) मॅन्युअल किंवा ओव्हरराइडला, म्हणजे हाताने अडकवून ठेवलेले आहेत, किती सेन्सर बंद किंवा उगाच काहीतरी दाखवतायत, किती कंट्रोलर (एएचयू चालवणारे छोटे कॉम्प्युटर) ऑफलाइन, आणि मागच्या व्हिजिटला निघालेल्यांपैकी किती मिटले. बास. पन्नास पानी रिपोर्ट नको म्हणून सांगितलं. चार आकडे मॅनेजमेंटला पण कळतात, तुमचा तो एका ओळीचा मेल आहे ना, त्याला एका ओळीत उत्तर देता येतं.

पेमेंटचा काही भाग या आकड्यांना बांधला. पण इथे एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी आम्ही अलार्मच्या संख्येवर पेनल्टी ठेवली होती. तीन महिन्यांत अलार्म एकदम कमी झाले, आम्ही खूश. नंतर कळलं लिमिटच सैल करून ठेवली होती, ३० डिग्री झाल्याशिवाय अलार्मच येत नव्हता. त्यामुळे लिमिट कुणी कधी बदलली त्याची नोंद मागा, आणि अलार्म मोजण्यापेक्षा मिटलेली कामं मोजा.

वीज वाचवून दाखवा नाहीतर पैसे नाही असलं कलम एएमसीत घालू नका. अर्धा मजला रिकामा झाला, एप्रिल जास्त तापला, कुणी नवीन सर्व्हर रूम टाकली की बिल हलतं आणि मग वर्षभर भांडत बसा.

स्पेअर्सचं: कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्पेअर्स धरून एएमसी) घ्यायची नसेल तर निदान सेन्सर, ॲक्च्युएटर (वाल्व्ह फिरवणारी मोटर), कंट्रोलरचे रेट वर्षभरासाठी फिक्स करून काँट्रॅक्टला जोडा. नाहीतर २ हजारांच्या सेन्सरसाठी कोटेशन, अप्रूव्हल, पीओ (खरेदीची ऑर्डर) यात तीन महिने जातात आणि तेवढे दिवस एएचयू मॅन्युअलला. काकांचा तो स्विच असाच अडकतो.

---

सोपं_ठेवा:
९ मजल्यांना बीएमएस कशाला हवंय पण. टायमर लावा, एक चांगला ऑपरेटर ठेवा, एएमसीचे पैसे त्याला पगारात द्या. आमच्याकडे तसंच आहे, काही अडत नाही.

---

डीडीसी_वाला:
@सोपं_ठेवा चांगला ऑपरेटर ठेवा हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या टायमरला वाल्व्ह पास होतोय हे कळणार नाही ना. आणि हो, खराब ठेवलेल्या बीएमएसपेक्षा टायमर बरा, हेही मान्य.

---

खराडी_फॅसिलिटी:
सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. @डीडीसी_वाला, बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या एएचयूला स्क्रीनवर वाल्व्ह ० टक्के आहे आणि सप्लाय एअर १४ डिग्री. याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि पासवर्ड-प्रोग्रामचं कुणीच बोललं नाही, ते सांगा ना प्लीज. सिस्टीम बॅकनेटवर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टीमनी एकमेकांशी बोलायची कॉमन भाषा) आहे, ओपन आहे असं घेताना सांगितलं होतं.

---

डीडीसी_वाला:
वाल्व्ह बंद आणि हवा १४ म्हणजे पाणी जातंय. एकतर वाल्व्ह आतून पास होतोय नाहीतर ॲक्च्युएटर फिरतोय आणि वाल्व्ह फिरत नाहीये. सेन्सर चुकीचा असण्याची शक्यता कमी कारण तुमचे लोक स्वेटर घालून साक्ष देतायत. कुणाला तरी कमांड द्यायला बसवा आणि स्वतः वर जाऊन बघा, टूल पण लागत नाही.

ओपनचं म्हणाल तर बॅकनेट १९९५ पासून स्टँडर्ड आहे आणि ओपन आहेच, पण त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या कंपनीची सिस्टीम तुमचे पॉइंट वाचू शकेल, सेटपॉइंट लिहू शकेल. कंट्रोलरच्या आतला प्रोग्राम बदलायला बहुतेक वेळा त्याच कंपनीचं टूल लागतं आणि ते टूल कुणाला द्यायचं हे ती कंपनी ठरवते. सेल्सवाला हे घेताना सांगत नाही. आम्ही पण नाही सांगितलं कधी, खोटं कशाला बोलू.

तर रिन्यूअलवर सही करायच्या *आधी* मागून घ्या, नंतर कुणी देत नाही: प्रत्येक कंट्रोलरच्या प्रोग्रामचा बॅकअप, सर्व्हरच्या डेटाबेसचा बॅकअप, ॲडमिन पासवर्ड सीलबंद पाकिटात, लायसन्स कुणाच्या नावावर आहे त्याचा कागद, आणि सध्याची पॉइंट लिस्ट. बॅकअप नुसता पेन ड्राइव्हवर घेऊ नका, त्यातून एक कंट्रोलर तुमच्यासमोर परत लोड करून दाखवायला सांगा. मी स्वतः एका साइटवर रिकामा फोल्डर चार वर्षं बॅकअप म्हणून जपलेला बघितलाय. जुन्या कंट्रोलरमध्ये बॅटरी असते, ती गेली आणि लाइट गेली की काही मॉडेलमध्ये प्रोग्राम उडतो, तेव्हा तो फोल्डर आठवतो.

सर्व्हरवर विंडोज कोणतं आहे तेही बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ७ वर चालणारी बीएमएस मी अजून रोज बघतो. अपग्रेडचा खर्च एएमसीत येत नाही, तो आत्ताच बजेटमध्ये मांडा. आणि रिमोट सपोर्टसाठी कुणी सर्व्हर थेट इंटरनेटला उघडून ठेवला असेल तर आधी तो बंद करा, तुमच्या आयटीला सांगून व्हीपीएन करून घ्या.

---

नाइटशिफ्ट_एचव्हीएसी:
दोन गोष्टी ज्या सगळ्या एएमसीतून सुटतात. एक, फायर पॅनलला अलार्म आला की एएचयू ट्रिप व्हायला हवेत, ते इंटरलॉक. फायरवाला म्हणतो माझा सिग्नल जातो, बीएमएसवाला म्हणतो माझं इनपुट ठीक आहे, आणि मधली वायर कुणाचीच नाही. वर्षातून एकदा दोघांना एकाच दिवशी बोलवा आणि खरंच ट्रिप करून बघा, काँट्रॅक्टमध्ये तसं लिहा.

दुसरं सीओ२ सेन्सर. बरेचसे स्वतःला आपोआप कॅलिब्रेट करतात, ते असं धरून चालतात की कधी ना कधी बिल्डिंग रिकामी होऊन हवा बाहेरच्यासारखी ४०० पीपीएमच्या आसपास येणार. आमच्यासारखी २४ तास शिफ्ट असेल तर ती वेळ येतच नाही, मग सेन्सर हळूहळू कमी दाखवायला लागतो, फ्रेश एअर कमी होते आणि पहाटे चारला सगळे जांभया देत बसतात.

---

खराडी_फॅसिलिटी:
अपडेट. शनिवारी ऑपरेटरला सोबत घेऊन (काका, तुमची आठवण झाली) सगळे मजले फिरलो. २२ पैकी ९ एएचयू मॅन्युअलला. दोन का आहेत ते त्यालाही आठवेना, त्याच्या आधीच्या माणसाने टाकले म्हणाला. त्याने मला स्वतःहून अजून तीन गोष्टी सांगितल्या ज्या एकाही रिपोर्टमध्ये नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर कमांड देऊन बघितलं. ॲक्च्युएटर छान फिरतो, आवाज येतो, आकडा हलतो. वाल्व्हचा दांडा जागचा हलत नाही. दोघांना जोडणारा क्लॅम्प ढिला. ॲलन की लावली, पाच मिनिटं. पहिल्यांदा सप्लाय एअर २० च्या वर गेलेली बघितली.

व्हेंडरला आज मीटिंगला बोलावलंय. १२ टक्के वाढ द्यायला माझी हरकत नाही असं आधीच कळवलं, फक्त अदितीताईंचे चार आकडे, डीडीसीवाल्या भाऊंची ५-६ एएचयूची पद्धत आणि बॅकअप समोर लोड करून दाखवणं हे लिहून हवं म्हटलं. त्यांचा फोन आला, "सर, हे सगळं कुणी सांगितलं तुम्हाला?"

---

चिलरकाका:
माझं नाव सांगू नका 😀 आणि ते ९ स्विच एका दिवसात ऑटोला टाकू नका, एक एक टाका, दोन दिवस बघा मग पुढचा. सोमवारी सकाळी तर अजिबात नको.