मदत हवी आहे: सुट्या तिबेटी पानांची मूळ ग्रंथातली जागा कशी शोधायची?

लेहजवळच्या एका घरातल्या पोथीच्या पानांचे फोटो अभ्यासतोय. निळ्या-काळ्या कागदावर सोनेरी शाई, उचेन लिपी (तिबेटीची छापील वळणाची लिपी). पहिलं आणि शेवटचं पान गायब. डाव्या समासात खंडाचं अक्षर 'ङ', तिबेटी वर्णमालेतलं चौथं, म्हणजे चौथा खंड. प्रज्ञापारमिता या महायान बौद्ध सूत्राचं आठ हजार श्लोकांएवढं रूप, अष्टसाहस्रिका, सहसा एकाच खंडात मावतं, त्यामुळे ही एक लाख श्लोकांएवढी शतसाहस्रिका प्रज्ञापारमिता असावी. देर्गे कांग्यूरच्या (बुद्धवचनांच्या तिबेटी संग्रहाची देर्गे इथे छापलेली आवृत्ती) टंकित पाठात ओळी शोधल्या, पण तीच वाक्यं इतकी फिरून येतात की ढीगभर जागा जुळतात! तपासणीसाठी कागदाचा नमुना काढायला घरच्यांची परवानगी नाही (बरोबरच आहे त्यांचं). एका पानावर 'बाम-पो'चा (तिबेटी ग्रंथ ज्या भागांत विभागतात त्यातल्या एका भागाचा) क्रमांक स्पष्ट दिसतोय. हस्तलिखितात आणि देर्गेत बाम-पोची विभागणी एकाच ठिकाणी पडते, की त्यावर विसंबू नये?