रस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी करायचा तर : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ : दोन्ही टोकांना बॅरिकेड टाकले, फलक लावला, झालं ना? की अजून काही लागतं?

सी-१०१ (वकीलकाका) : नुसता बॅरिकेड म्हणजे रस्ता अडवणं, तो गुन्हा उलट आपल्यावरच यायचा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ बघा. वाहनबंदीचा अधिकार राज्य सरकारचा, किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा. आधार सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचं स्वरूप. राजपत्रात अधिसूचना आणि कलम ११६ प्रमाणे फलक, दोन्ही हवं. एक जरी राहिलं तरी दंड झालेला माणूस तेवढंच धरून भांडतो.

ए-३०२ : मग आठवडाभराच्या ट्रायलला कुठे राजपत्र असतं, काका?

सी-१०१ : त्याच कलमाला परंतुक, म्हणजे अपवादाची जोड आहे. बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्र नको, स्थानिक प्रसिद्धी पुरते. घोळ पुढे होतो. ट्रायल लोकांना आवडते, बॅरिकेड तसेच राहतात आणि एकतिसाव्या दिवसानंतर बंदीला कायद्याचा आधारच उरत नाही. म्हणून अधिसूचनेचा मसुदा पहिल्याच आठवड्यात पाठवायचा.

बी-७०४ (नगररचना) : एक मुद्दा जोडतो. वाहतुकीच्या आदेशाने फक्त गाडी चालवायला मनाई होते. आदेश मागे घेतला की गाड्या परत. रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा करणं ही वेगळी गोष्ट. इंग्लंडमध्ये या दोन वाटा स्वच्छ वेगळ्या आहेत. १९८४ च्या वाहतूक नियमन कायद्याखालचा प्रायोगिक आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, पहिल्या ६ महिन्यांत हरकती घेता येतात. १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम २४९ ने मात्र त्या रस्त्यावरून वाहन नेण्याचा हक्कच संपतो. आणि हक्क काढला की भरपाई आली : ज्याच्या मालमत्तेला त्या रस्त्यावरून रीतसर वाट होती आणि जिची किंमत घसरली, तो कलम २५० खाली मागू शकतो.

डी-२०३ : म्हणजे आधी ट्रायल, मग कायम?

बी-७०४ : बरोबर. कोपनहेगनच्या स्ट्रॉगेट या बाजाररस्त्यावर हेच झालं. १९६२ च्या नोव्हेंबरात प्रयोग, १९६४ ला कायम.

ए-५०१ : अँब्युलन्स, सामानाचा टेंपो, तिथेच राहणाऱ्यांच्या गाड्या? त्यांचं काय?

सी-१०१ : ताई, आदेश फसतात ते इथेच. ‘अत्यावश्यक वाहने वगळून’ एवढंच लिहून भागत नाही. गॅसची गाडी अत्यावश्यक का? पाण्याचा टँकर? प्रत्येक प्रकार, त्याची वेळ, आत शिरायचं टोक, सगळं आदेशात लिहा. दिल्लीच्या चांदणी चौकात बंदी सकाळी ९ ते रात्री ९, म्हणजे मालाची चढउतार रात्री. जर्मनीत ज्याला आत सोडलंय त्यानेही चालण्याच्या वेगानेच जायचं, आणि सायकललाही वेगळी पाटी नसेल तर चालवायची नाही, उतरून ढकलायची.

बी-७०४ : आणि गाड्या अडवायचे खांब! अग्निशमनची गाडी आत गेली पाहिजे. ब्रिटिश मार्गदर्शनात दोन कडांमध्ये ३.७ मीटर धरतात. बाकडी, झाडांच्या कुंड्या त्या पट्ट्याबाहेर. खांब काढता येणारे हवेत, आणि किल्ली अग्निशमन दलाकडे, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये नको.

ए-३०२ : फेरीवाले?

सी-१०१ : गाड्या हटवल्या म्हणून ते आपोआप हटत नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. विक्रीची जागा ठरवताना त्याच कायद्याखालच्या नगर विक्रेता समितीला धरून चला, नाहीतर प्रकरण कोर्टात जाऊन ट्रायलसुद्धा अडकते.

डी-२०३ : दंड किती, काका?

सी-१०१ : कलम ११५ च्या उल्लंघनाला कलम १९४(१), रुपये २०,०००. तो बसवायचा तर फलकावर बंदीची वेळ आणि अपवाद आदेशातल्या शब्दांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. आदेशात ९ आणि फलकावर १० असेल तर त्या मधल्या तासाचं चलान टिकवणं अवघड.

ए-५०१ : मग अर्जाला नकाशा लागेल ना?

बी-७०४ : हो. बंद होणारा भाग दोन ठळक खुणांमध्ये, पर्यायी मार्ग, जवळच्या चौकांची वाहनमोजणी, आणि त्या रस्त्यावर उघडणारं प्रत्येक फाटक. फाटकांपासून सुरुवात करा, हरकती तिथूनच येतात.